नाझी, न्हावी आणि उपहासाची कादंबरी

आजचा विषय वाचून आपल्यापैकी कित्येकांच्या कपाळाला आठी पडली असेल, हे आम्ही जाणून आहोत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीने आणि तिच्या हस्तकांनी सुमारे साठ लाख ज्यू स्त्री-पुरुष-मुलांना ठार मारले. अशा प्रकरणाशी विनोदाचा आणि उपहासाचा संबंध जोडणे म्हणजे सुतकाच्या घरात टाळ्या पिटण्यासारखे नव्हे काय? शंका रास्त आहे. ह्या पुस्तकांची नावे आम्ही प्रथम ऐकली तेव्हा आमच्याही मनात तीच आली होती. परंतु पुढे वाचत गेल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. ह्या प्रकारच्या लेखनातला सर्वांत धीट लेखक त्या सुतकाच्या घरातलाच होता. आणि ‘असे हसू नका, शोभत नाही’ असे त्याला बजावणारे लोक बहुतेक शेजारच्या घरातले, म्हणजे ज्या घरातून मारेकरी निघाले त्या घरातले होते. ह्या उलट्या न्यायाची हकीकत इतिहासाच्या अभ्यासकाने पाहण्याजोगी आहे. सरकारी दप्तरात करार सापडतात, आकडे सापडतात. दोन समाज एकमेकांसमोर कसे अवघडून बसले होते हे मात्र दप्तरात सापडत नाही. ते कादंबरीत सापडते.

एडगर हिल्सेनराथ ह्यांचा जन्म १९२६ साली लाइपझिग येथे झाला व बालपण हाले ह्या गावी गेले. १९३८ साली त्यांच्या आईने दोन्ही मुलांना घेऊन रुमानियातील बुकोव्हिना प्रांतात, सिरेत गावी, आजा-आजीचा आश्रय घेतला. १९४१ साली तेथूनही त्यांना उचलून द्नीस्तर नदीकाठच्या मोगिलेव-पोडोल्स्क येथील घेट्टोत नेऊन टाकले. घेट्टो म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवण्याची वस्ती. येथे विषारी वायूच्या कोठड्या नव्हत्या. भूक, थंडी आणि प्रलापक ज्वर एवढ्यांवरच काम भागत असे. १९४४ साली लाल सैन्य आले तेव्हा हा सुमारे अठरा वर्षांचा मुलगा जिवंत होता. पुढे पॅलेस्टाइन, मग फ्रान्स, आणि १९५१ साली न्यूयॉर्क. तेथे पोटासाठी खाणावळींतून वाढप्याचे काम करावे आणि रात्री कॅफेटेरियातल्या कोपऱ्यात बसून लिहावे असा क्रम कित्येक वर्षे चालला. लिहावे कोणत्या भाषेत? तर जर्मन भाषेत. ज्या भाषेत आपल्या मृत्यूचे हुकूम निघाले तीच आपली मातृभाषा, आणि तिच्यावाचून आपल्याला दुसरे घर नाही, अशी ही विलक्षण अवस्था होती.

त्यांची पहिली कादंबरी ‘रात्र’ १९६४ साली म्युनिकच्या किंडलर प्रकाशनाने काढली. तिच्यात घेट्टोतील माणसे एकमेकांचा पाव चोरतात, मेलेल्याचे जोडे काढून घेतात, निजायच्या जागेसाठी भांडतात. त्यांत संत कोणी नाही. प्रकाशनसंस्थेतीलच काही मंडळींना भीती वाटली, की ज्यूंचे असे चित्र पाहून ज्यूद्वेष्ट्यांना आनंद होईल. थोड्याच प्रती निघाल्या आणि पुस्तक जवळजवळ दडपले गेले. युद्धानंतरच्या जर्मन वाचकाला ज्यू कसा हवा होता हे येथे प्रथम दिसते. तो मेलेला असावा. जिवंत असलाच तर थोर, क्षमाशील आणि सुसंस्कृत असावा. भुकेने पिसाटलेला ज्यू त्याला नको होता.

ह्यानंतर हिल्सेनराथ ह्यांनी लिहिले ते ‘नाझी आणि न्हावी’. मराठीत नावाला आपोआप अनुप्रास साधला, तो आमचा पराक्रम नव्हे. कथेचा निवेदक माक्स शुल्त्स १९०७ साली व्हीसहाले ह्या काल्पनिक जर्मन गावात जन्मतो. आई मोलकरीण, बाप पाच संभाव्य इसमांपैकी कोण हे ठाऊक नाही, परंतु पाचही शुद्ध आर्यवंशीय! त्याच दिवशी शेजारी खाइम फिंकेलस्टाइन ह्या ज्यू केशकर्तनालयवाल्याच्या घरी इत्झिग जन्मतो. मौज अशी, की ज्यूचा मुलगा सोनेरी केसांचा व निळ्या डोळ्यांचा, आणि आर्याचा मुलगा काळ्या केसांचा, बाकदार नाकाचा, बेडकासारख्या डोळ्यांचा. म्हणजे नाझी व्यंगचित्रांतला हुबेहूब ज्यू. दोघे जिवलग मित्र. माक्स फिंकेलस्टाइनच्याच दुकानात वस्तरा धरायला शिकतो. पुढे हिटलर येतो, माक्स एस. एस. दलात भरती होतो, आणि पोलंडमधील छळछावणीत हजारोंना मारतो. त्यांत इत्झिग व त्याचे आईबापही असतात. युद्ध हरल्यावर एक पोते सोन्याचे दात घेऊन तो पळतो. दात कोणाचे हे सांगावयास नको. तेच भांडवल. मग तो सुंता करून घेतो, हातावर आउश्वित्झचा क्रमांक गोंदवून घेतो, इत्झिग फिंकेलस्टाइन हे मेलेल्या मित्राचे नाव घेतो आणि निर्वासितांच्या जहाजाने पॅलेस्टाइनला जातो. तेथे तो उत्तम न्हावी, उत्तम नागरिक, इस्रायलच्या स्वातंत्र्ययुद्धातला सैनिक, प्राणिप्रेमी आणि छळछावणीतून वाचलेल्या स्त्रीचा पती होतो. नाझी असताना तो जितका उत्साही नाझी होता, तितकाच आता तो उत्साही ज्यू आहे. उपहासाचे सगळे विष ह्या ‘तितकाच’मध्ये आहे.

हे सारे अतिशयोक्त आहे, असे कोणी म्हणेल. शुल्त्सचा बनाव कल्पित आहे खरा; पण सरकारी कागद नाझी आणि ज्यू ह्यांत फरक करीत नाही, ही गोष्ट कल्पित नाही. तिचा पुरावा आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहे. सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध जाहीर होताच ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांना ‘शत्रुराष्ट्राचे प्रजाजन’ म्हणून अटकेत घेतले आणि त्या वेळच्या अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत ठेवले. हिटलरचे भक्त आणि हिटलरच्या भयाने पळून आलेले ज्यू एकाच तारेच्या कुंपणात! पारपत्र दोघांचेही जर्मनच होते ना? पुढे पुरंदरावरही अशा लोकांची वसाहत होती. अनिता देसाई ह्यांच्या ‘बाउमगार्टनर्स बॉम्बे’ ह्या १९८८ सालच्या इंग्रजी कादंबरीत हाच प्रसंग येतो. तिचा नायक ह्यूगो बाउमगार्टनर बर्लिनहून पळालेला ज्यू. तो मुंबईत मांजरे पाळीत म्हातारा होतो आणि शेवटी एका व्यसनी जर्मन पोराच्या हातून मरतो, तेही मुंबईतल्या आपल्याच खोलीत, युद्ध संपून कित्येक वर्षे लोटल्यावर. ती कादंबरी उपहासाची नव्हे, खिन्नतेची आहे. पण तिचा रोख हिल्सेनराथ ह्यांच्या रोखापासून फार दूर नाही.

‘नाझी आणि न्हावी’ प्रथम प्रसिद्ध झाले ते १९७१ साली अमेरिकेत, इंग्रजी भाषांतरात. ते खपले, आणखी भाषांत गेले. मूळ जर्मन हस्तलिखित मात्र जर्मनीत दारोदार हिंडत राहिले. साठाहून अधिक प्रकाशकांनी ते परत केले असे सांगतात. अखेर १९७७ साली कोलोनच्या हेल्मुट ब्राउन ह्या लहानशा प्रकाशकाने धाडस केले. नोबेल पारितोषिक मिळालेले हाइनरिख ब्योल ह्यांनी ‘डी त्साइट’ पत्रात परीक्षण लिहिले. आरंभीची किळस ओलांडावी लागते हे त्यांनी लपवले नाही, पण ग्रंथाचा गौरव केला. मग पुस्तकाला वाट मिळाली. लेखक त्याआधीच, १९७५ साली, बर्लिनला परतला होता.

साठ प्रकाशकांना हे पुस्तक का नको होते? ते सारे छुपे नाझी होते असे मानणे सोपे आहे, आणि आमच्या मते चूक आहे. त्यांच्यातले पुष्कळसे सद्भावनेचे लोक असावेत. पण त्या सद्भावनेचा इतिहास पाहिला पाहिजे. १९५२ साली लक्झेंबर्ग येथे करार झाला आणि पश्चिम जर्मनीने इस्रायलला तीन अब्ज मार्क नुकसानभरपाई देण्याचे कबूल केले. ज्यू संघटनांना पंचेचाळीस कोटी वेगळे. त्याच वर्षापासून दरसाल ‘बंधुभाव सप्ताह’ साजरा होऊ लागला. भाषणे, संगीत, पुष्पगुच्छ. आणि त्याच दशकात पंतप्रधान आडेनाउअर ह्यांच्या कचेरीचा प्रमुख हान्स ग्लोब्के हा होता. ह्याच गृहस्थाने १९३५च्या न्यूरेंबर्ग वंशकायद्यांवर भाष्य लिहिण्यात भाग घेतला होता. तो १९५३ ते १९६३ अशी दहा वर्षे त्या जागेवर राहिला. तेव्हा एका हाताने भरपाई, दुसऱ्या हाताने जुन्या अधिकाऱ्यांचा सांभाळ, आणि दोन्हींच्या मध्ये सप्ताह. ह्यात भरपाई खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. ती खरी होती, आणि इस्रायलच्या उभारणीला उपयोगी पडली. परंतु श्राद्ध यथासांग झाले म्हणजे ऋण फिटले अशी जी समजूत कर्त्याची होते, ती तेथे होऊ लागली होती. ‘नाझी आणि न्हावी’ ह्या कादंबरीने नेमक्या ह्याच समजुतीच्या ताटात माती कालवली. खुन्यानेच ज्यूप्रेमाची सर्व चिन्हे अंगावर धारण केली तर काय कराल, असा तिचा प्रश्न होता.

येथे थोडे मागे गेले पाहिजे, कारण उपहासाचे लक्ष्य पूर्वी वेगळे होते. १९२२ साली व्हिएन्नात ह्यूगो बेटाउअर ह्यांनी ‘ज्यूंविना शहर’ ही छोटी कादंबरी लिहिली. तिच्यात ऑस्ट्रियाचा चान्सलर सर्व ज्यूंना हद्दपार करतो. लोक जल्लोष करतात. मग हळूहळू नाटकगृहे ओस पडतात, पेढ्या बुडतात, बायकांचे कपडे गावंढळ होतात, शहराचे खेडे होते. अखेर कायदा रद्द होतो आणि परत आलेल्या पहिल्या ज्यूचे स्वागत खुद्द महापौर करतो! सगळे खेळकर, हलकेफुलके. बेटाउअर जन्माने ज्यू, धर्माने ख्रिस्ती झालेले होते. मार्च १९२५मध्ये नाझी विचारांच्या एका तरुणाने त्यांना त्यांच्या कचेरीत गोळ्या घातल्या. राग त्यांच्या स्त्रीपुरुषसंबंधांवरील साप्ताहिकाचाही होता, ह्या एका पुस्तकाचाच नव्हे, हे सांगितले पाहिजे. मारेकऱ्याला वेडा ठरवले गेले आणि १९२७ साली तो मोकळा झाला. अकरा वर्षांनी, १९३८ साली, हिटलर व्हिएन्नात शिरला. शहर खरोखरच ज्यूंविना झाले. महापौर पुष्पगुच्छ घेऊन स्टेशनावर गेला नाही.

बेटाउअर ह्यांचा विनोद असा होता की द्वेष मूर्खपणाचा आहे, आणि मूर्खपणा दाखवून दिला की माणूस वरमतो. १९४५नंतर हे कोणालाही म्हणता येईना. म्हणून नंतरच्या उपहासकाराने द्वेषाला सोडून सद्गुणाला हात घातला. हिल्सेनराथ ह्यांच्याही आधी, १९६७ साली, विल्नात जन्मलेले फ्रेंच लेखक रोमें गारी ह्यांनी ‘गेंगिस कोनचे नृत्य’ लिहिले. त्यात गोळी घालून मारलेला ज्यू विदूषक भूत होऊन आपल्याला मारणाऱ्या एस. एस. अधिकाऱ्याच्या मानेवर बसतो. अधिकारी आता प्रतिष्ठित पोलीस कमिशनर झाला आहे. भूत त्याला यिद्दिश भाषा शिकवते, ज्यूंचे पदार्थ खायला लावते. मारेकरी आणि मारलेला ह्यांची आता सुटका नाही, हे सांगायला ह्याहून चांगली युक्ती आम्हांला माहीत नाही.

पुढची पिढी जर्मनीतच वाढलेल्या ज्यूंची. राफाएल सेलिगमान १९४७ साली तेल अवीवला जन्मले आणि १९५७ साली आईबापांबरोबर जर्मनीत आले. त्यांची ‘रुबिनस्टाइनचा लिलाव’ ही कादंबरी प्रकाशक मिळेना म्हणून १९८८ साली त्यांनी स्वतः छापली. नायक म्युनिकमधला तरुण विद्यार्थी. नव्या देखण्या शिक्षिकेच्या शेजारची जागा त्याला मिळते आणि तो गमतीने तिचा लिलाव पुकारतो. वर्गातून लगेच शेरा येतो, की पाहा, ज्यू कशातूनही पैसे काढतात. बस्स, एवढ्या शेऱ्याने बंधुभाव सप्ताहांचे सारे पुष्पगुच्छ कोमेजतात. परंतु सेलिगमान केवळ जर्मनांना हसत नाहीत. घरातली कटकटी आई, जर्मनीला शिव्या देत जर्मनीतच दुकान चालवणारी ज्यू मंडळी, ह्यांचीही ते खिल्ली उडवतात. तेव्हा घरभेदी म्हणून त्यांना स्वकीयांचेच शिव्याशाप मिळाले. लेखन म्हणून पाहिले तर ही कादंबरी आम्हांला जागजागी भडक वाटली. तथापि तिच्यातला तरुण अखेरीस आपण जर्मन ज्यू आहोत हे ओरडून कबूल करतो, ती जागा खरी आहे. तोवर बहुतेक ज्यू ‘जर्मनीत राहणारे ज्यू’ असे स्वतःला म्हणवीत. जणू बांधलेल्या पेट्या कायम दाराशीच ठेवलेल्या.

ह्याहून तिखट लेखणी माक्सिम बिलर ह्यांची. जन्म प्राग, १९६०. दहाव्या वर्षी जर्मनीत आले. १९९० सालच्या त्यांच्या कथासंग्रहात ‘हार्लेम होलोकॉस्ट’ नावाची दीर्घकथा आहे. निवेदक एफ्राइम रोझेनहाइन हा जर्मन भाषांतरकार. नाव ज्यूसारखे, माणूस ज्यू नव्हे. गॅरी वारशाव्स्की नावाचा अमेरिकन ज्यू लेखक त्याला छळतो, त्याची मैत्रीण पळवतो, जर्मनांच्या अपराधभावनेवर चैन करतो. वाचकाला त्या उर्मट लेखकाचा मनापासून संताप येऊ लागतो. आणि शेवटी एक टिपण येते, त्यावरून कळते की हा सारा मजकूर एका आजारी मनाच्या जर्मनाचे हस्तलिखित आहे. म्हणजे तो राक्षसी ज्यू कितपत खरा आणि कितपत अपराधभावनेने पोसलेल्या डोक्यातून निघालेला, हे वाचकाने ठरवायचे. आणि मघाशी आपल्याला आलेला संताप कोठून आला, हेही! वाचकाला असे रंगेहाथ पकडणारी दुसरी कथा आमच्या वाचनात नाही. भाषणाने, स्मारकाने हे काम होत नाही.

१९९० नंतर एक निराळाच अंक सुरू झाला. सोव्हिएत संघातील ज्यूंना जर्मनीने दार उघडले आणि पुढील पंधरा वर्षांत कुटुंबीयांसह दोन लाखांहून अधिक लोक आले. व्लादिमीर कामिनर त्यांपैकीच. २०००च्या ‘रूसेनडिस्को’ ह्या पुस्तकात त्यांनी सांगितले आहे, की पूर्वी रशियात कागदपत्रांतली ज्यू ही नोंद पुसण्यासाठी पैसे चारावे लागत. आता तीच नोंद मिळवण्यासाठी लोक पैसे चारू लागले. माक्स शुल्त्सची आठवण येथे कोणाला झाली तर आश्चर्य नाही. पण हे लोक खुनी नव्हते, फक्त शहाणे होते.

आता उलट्या दिशेचा उपहास पाहू, कारण त्यावाचून ही हकीकत अपुरी राहील. मार्टिन वाल्झर हे जर्मनीतले थोर कादंबरीकार. १९६५ साली फ्रांकफुर्टच्या आउश्वित्झ खटल्यावर, हा अपराध आपणा सर्वांचा आहे अशा आशयाचा निबंध ह्यांनीच लिहिला होता. तेच वाल्झर ११ ऑक्टोबर १९९८ रोजी फ्रांकफुर्टच्या पाउल्सकिर्ख सभागृहात पारितोषिक स्वीकारताना म्हणाले, की आउश्वित्झचे नाव दंडुक्यासारखे वापरले जाऊ नये. सभागृह उभे राहिले, टाळ्यांचा कडकडाट झाला. जर्मनीतील ज्यूंच्या मध्यवर्ती मंडळाचे अध्यक्ष इग्नात्स बुबिस मात्र पत्नीसह बसून राहिले. आणि २००२ साली वाल्झर ह्यांची ‘एका समीक्षकाचा मृत्यू’ ही उपहासात्मक कादंबरी आली. तिच्यातला दूरचित्रवाणीवरील सर्वसत्ताधीश समीक्षक म्हणजे मार्सेल राइश-रानिकी, हे शेंबड्या पोरानेही ओळखावे. त्याचा खून झाल्याचा संशय एका दुखावलेल्या लेखकावर येतो. त्या लेखकाच्या धमकीत १ सप्टेंबर १९३९च्या हिटलरच्या भाषणाचा प्रतिध्वनी आहे. अखेर समीक्षक जिवंतच निघतो. ‘फ्रांकफुर्टर आल्गेमाइने’चे संपादक फ्रांक शिरमाखर ह्यांनी ती क्रमशः छापण्यास नकार देऊन तसे उघड पत्र लिहिले आणि एकच गदारोळ उडाला.

वाल्झर ज्यूद्वेष्टे होते काय? आम्ही तसे म्हणणार नाही. समीक्षकाला सूळ दाखवणे हा लेखकांचा जुना आनंद आहे, आणि राइश-रानिकी ह्यांनीही लेखकांना काही कमी सोलले नव्हते. शिवाय ज्यू माणसावर विनोद करूच नये, असे म्हटले तर तो पुन्हा काचेच्या कपाटातला ज्यू झाला. हिल्सेनराथ ह्यांची लढाई त्याविरुद्धच होती. दोष आमच्या दृष्टीने वेगळा आहे. हिल्सेनराथ, सेलिगमान, बिलर हे हसतात तेव्हा स्वतःच्या घराला आधी आग लावतात. वाल्झर ह्यांच्या कादंबरीत हसण्याची किंमत एकट्या त्या समीक्षकाने मोजायची आहे. त्यातून तो कोण? ज्याच्या मरणाची योजना एकदा खरोखरच झाली होती असा माणूस.

राइश-रानिकी १९२० साली पोलंडमध्ये जन्मले, बर्लिनमध्ये शिकले, आणि १९३८ साली हद्दपार होऊन वॉर्सात गेले. त्यांचे आईवडील ट्रेब्लिंका येथे मारले गेले. २७ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी बर्लिनमध्ये जर्मन संसदेपुढे २२ जुलै १९४२ ह्या एकाच दिवसाची हकीकत सांगितली. त्या दिवशी ज्यू मंडळाच्या कचेरीत एस. एस. अधिकारी वॉर्सा घेट्टोतील लोकांना ‘पूर्वेकडे हलवण्याचा’ हुकूम मजकुरासह सांगत होता, आणि तो टिपून घेण्याचे काम बावीस वर्षांच्या ह्या दुभाष्याकडे होते. उन्हाळा असल्यामुळे खिडक्या उघड्या होत्या. खाली रस्त्यावर मोटारींपाशी थांबलेल्या सैनिकांनी करमणुकीसाठी ग्रामोफोन लावला होता. त्यावर योहान स्ट्राउसचे वॉल्ट्झ वाजत होते, आणि वर हुकूम उतरवून घेणे चालू होते.